उडून जाईल असं काही

रॉकेल नको, मी ऑल्गाबाईंना म्हणालो,
रॉकेल जाताना मागे काहीतरी ठेवून जातं.
आठ दिवसांनीही मूठ काठीवर फिरत राहते
नव्या जावयासारखी, घरात आहे पण घरची नाही.

पेट्रोल चालतं. सायकलवाला इरप्पा
हँडलच्या मुठी पेट्रोलनंच चढवतो, कानावर विडी अडकवून,
आणि दोन्ही भुवया अजून शाबूत आहेत त्याच्या.
पण मे महिना, सोलापूर, त्रेचाळीस डिग्री,
मूठ अर्ध्यावर असतानाच पेट्रोल उडून जातं.
मग ओढा, ढकला, शिव्या घाला,
रबर तिथंच. रस्त्यात बसलेली म्हैस.

साहेब एका बाटलीतलं घालायचे, बाई म्हणाल्या.
बाटली सापडली, लेबल कसरीनं खाल्लेलं,
तळाला अंगठ्याएवढं काहीतरी.
मी झाकण काढून हुंगलं. अर्थात, काही नाही.
टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं रंगमास्तर होतो,
नाक तिथंच हौदात राहिलं.

फर्नांडिस साहेबांना जाऊन दोन उन्हाळे झाले.
रेल्वे लाइन्सच्या त्या क्वार्टरनंतरच्या भाड्याच्या घरात
कपाटामागे सात काठ्या,
मुठी पावसाळी गुळासारख्या, धरल्या की हात काळा.
मी विचारलं, विकायच्यात?
त्यांनी दोन्ही हात पुढे केले.
बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी.
"जाड करा मास्तर. माझी मूठ आता पुरती मिटत नाही."

म्हणून टेपचे दोन वेढे जास्त.

थिनर माझ्या घरात होतं, ते मोहात पाडत होतं.
कुठलं पाणी कुठल्या सुताला काय करतं
ते मला विचारा, पण रबर म्हणजे सूत नव्हे.
जुन्या मुठीचा तुकडा कापून
रात्रभर वाटीत थिनरमध्ये ठेवला.
सकाळी तो फुगलेला, नख लावलं की काजळ.
वाटी आमच्या हिची होती. तो विषय वेगळा.

शेवटी मधल्या मारुतीजवळ टर्पेंटाइन.
दुकानदार म्हणाला, दार का खिडकी?
मी म्हणालो, गोल्फ.
"गल्फला कोण चाललंय?"
पाव लिटर द्या, म्हणालो.

सात नंबरची काठी गुडघ्यांत धरली,
मुठीच्या टोकाचं भोक अंगठ्यानं बुजवलं,
आत ओतलं, हलवलं, टेपवर रिचवलं,
फरशीवर वर्तमानपत्र, त्यावर कुणाच्या तरी लग्नाची जाहिरात भिजली.
आणि एका दमात ढकललं.
सरकलं हो! लोण्यातून सुरी.
टर्पेंटाइन घाई करत नाही,
मूठ वाकडी बसली तर सरळ करायला
दोन-चार मिनिटं देतं.
माणसं एवढी देत नाहीत.

आता कधी वाळलं, हे वासावरूनच कळायचं,
आणि वास माझ्याकडे नाही.
म्हणून रोज सकाळी बाई वाकून हुंगायच्या
आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो.
पहिला दिवस: "अजून पेंटरचं घर."
दुसरा: "जरा कमी. जिन्यात रंग चाललाय."
तिसऱ्या दिवशी डोळे मिटून उभ्या राहिल्या, बराच वेळ.
मग म्हणाल्या, "नुसतं रबर."

अंगणात कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा.
एक पायानं पुढे ओढून घेतली.
पहिल्या फटक्याला धूळ.
दुसऱ्याला शहाबादी फरशीवरून ठिणगी,
शेजारच्या गच्चीत पापड वाळवणाऱ्या बायका उठून उभ्या.
तिसरा मारलाच नाही.
काठी हातात फिरवून बघितली. फिरली नाही.
"उरलेल्या सहा कधी?" म्हणाल्या.

घरी आलो. बायकोनं तेलुगूत विचारलं,
कुणाचं दार रंगवून आलात?
मी बोटं नाकाशी नेली.
काही नाही.
तिच्याकडे नेली, तर तिनं तोंड फिरवलं,
इतकं आहे तर अजून.