टेक सतरा

डुलूथला फेब्रुवारीत सरोवर बोलतं.
बर्फ आतल्या आत तडकतो, आणि तो तडा
चर्चच्या दगडांतून चढत
थेट माझ्या माइकपर्यंत येतो.
टेक नऊ असाच गेला.
अकरा रस्ता साफ करणाऱ्या ट्रकने नेला.
बारात कुणाची तरी खुर्ची कुरकुरली.
तेरा मीच बाद केला, कारण न सांगता :
क्षणभर मी ऐकतच नव्हते.

ऑर्विल लिंडाल, वय एक्याऐंशी,
पहिल्या बाकावर, ओव्हरकोट न काढता.
पन्नास वर्षांचं लिहिणं, दोन तबकड्यांत मावणारं.
एक सिम्फनी, एकदाच वाजलेली.
एक क्लॅरिनेटचा कॉन्चेर्तो, ज्याच्यासाठी लिहिला
तो वाजवायच्या आधीच वारला.
आणि सहा गाणी :
खनिज वाहणाऱ्या बोटीवरच्या आचाऱ्याने
बायकोला धाडलेली पत्रं, जशीच्या तशी.

पत्रांत प्रेम बेताचं.
बटाट्यांचा भाव, दुखरा गुडघा, धुकं.
‘पोरीच्या बुटांचं काय केलंस?’
हे डेल्फीन मुनरो इतक्या खालच्या पट्टीत विचारते
की चेलोवाले आपापल्या बुटांकडे बघतात.

चौथ्या गाण्याच्या शेवटी
वाद्यं एकेक करून विझतात.
उरतो फक्त पिकोलो. नऊ सूर.
किनाऱ्यावरून कुणी शीळ घालावी,
आणि बोट तर केव्हाच निघून गेलेली असावी, तसे.

टेक सतराला इमोजेन पार्डीने पिकोलो उचलला,
ओठांशी नेला,
आणि काहीच झालं नाही.
थंडीने ओठ फाटला होता. नुसती हवा.
स्टोयानोवाबाईंचा हात वरच राहिला.
साठ माणसं. कुणी खोकलंसुद्धा नाही.

म्हाताऱ्याचं बोट मात्र कागदावर चालत होतं,
सुरामागून सूर.
शेवटच्या सुरावर ते थांबलं.
त्यांनी चष्मा काढला, बाहीने डोळे पुसले.
‘हाच,’ म्हणाले. ‘हाच ठेवा.
इतका स्वच्छ कधी कुणी वाजवला नव्हता.’

मी बोलायचं बटण दाबलं.
सोडलं.

मागून त्यांची मुलगी सोल्वे
काचेतून माझ्याकडे बघत मान हलवत होती, नको म्हणून.
पुढे कॉफीच्या यंत्रापाशी एवढंच बोलली :
‘वरचे सूर जाऊन चार वर्षं झाली.
पाखरंही गेली.
खिडकी उघडून बसतात तरी रोज सकाळी.’

रात्री नऊला इमोजेन परत आली.
ओठांवर व्हॅसलीन, बोटं कापलेले हातमोजे.
हीटर बंद, कारण तो गुणगुणतो.
एक माइक, एक स्टूल, आमच्या तोंडांची वाफ.
पहिल्यांदा फारच छान वाजलं.
जिला जहाज कधी सुटलंच नाही, तिने वाजवावं तसं.
‘पुन्हा,’ मी म्हटलं.
तिसऱ्या वेळी सातवा सूर हलला.
पैशांचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

मी सतराव्याला कात्री लावली नाही.
साठ जणांनी धरलेला तो श्वास तसाच ठेवला
आणि त्याच्यावर हलक्या हाताने
नऊ सूर अंथरले.
सांधा शोधून दाखवा, असं मी कुणालाही म्हणेन.

मे महिन्यात पोस्टकार्ड आलं, थरथरत्या अक्षरात :
‘तबकडी मिळाली. आभार.
चौथ्याच्या शेवटी काहीतरी वेगळं आहे.
वाईट नाही.
पण त्या दिवशी होतं ते कुठे गेलं?’

उत्तर लिहायला तीनदा बसले.

मूळ सतरा माझ्याकडे आहे, फडताळात, खालच्या खणात.
कधी उशिरापर्यंत काम चाललं तर
हेडफोन लावून कानात प्राण आणून ऐकते :
लांबवर सरोवर, कुणाचं तरी मनगटी घड्याळ,
आणि पहिल्या बाकाजवळच्या माइकात
कागदावर टेकणारं बोट.
मी मोजते.
कधी नऊ भरतात,
कधी आठ.