एकशे वीस

साखरेच्या गोळ्या, वरून चार थेंब,
बाटली तळहातावर दहादा आपटायची,
लेबल चिकटवायचं, नाव लिहायचं.
एकोणीस वर्षं हेच काम,
डॉक्टर उंबरजेंच्या दवाखान्यात, साखर पेठेत.
हो, साखर पेठेतच. हसून झालं आमचं कधीच.

तिरुपती निघालाय म्वांझाला,
तळ्याकाठच्या कारखान्यात टॉवेलचे माग बसवायला.
तीन महिने.
व्हिसा आला, बूट आले,
पिवळ्या तापाची सुई मुंबईला जाऊन टोचून आला
कारण तिचा कागदावर शिक्का लागतो.
मलेरियाला शिक्का लागत नाही.
म्हणून म्हणाला, तुझ्याकडचंच दे की काहीतरी.
त्या गोळ्यांनी पोटात आग पडते म्हणतात.
तुझ्या गोड असतात.

तिसरी फळी, डावीकडून सातवी बाटली.
चायना थर्टी.
सिंकोनाची साल. डॉक्टरांनीच सांगितलेलं एकदा,
हिच्यातूनच कोयनेल निघालं
आणि हिच्यावरूनच आपलं शास्त्र.
फक्त आपण ती इतकी पातळ करतो, की
पुढचं ते बोलले नव्हते.
मी मनातच पुरं केलं होतं:
सिद्धेश्वराच्या तळ्यात चिमूटभर हळद टाकावी
आणि होटगीच्या तळ्यातून घागर भरावी, तसं.

इरेश चिप्पानं हीच बाटली नेली होती काँगोला.
परत आला, अकराव्या दिवशी हुडहुडी.
स्वतः विणलेल्या चार चादरी अंगावर
आणि खाट वाजत होती मागासारखी, खटक खटक.
सिव्हिलमध्ये रक्त काचेवर घेतलं तेव्हा कळलं.
वाचला तो. आता गेटवर बसतो, माग झेपत नाही.
बाटलीबद्दल कोणी विचारलं नाही.
लेबलावरचं अक्षर माझं होतं.

डॉक्टरांना विचारलं, शेवटचा पेशंट गेल्यावर.
त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
मग चिठ्ठी लिहिली, स्वतःच्या कागदावर नाही,
कॅलेंडरचं मागचं पान फाडून:
काझी मॅडमकडे पाठव. आजच.
एवढंच.
माझ्याकडे न बघता दिवा घालवला.

काझी मॅडमनी वजन घेतलं, यकृत चाचपलं,
म्हणाल्या, रोज एक. भरल्या पोटी, तांब्याभर पाण्यासोबत,
घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही.
उन्हात कातडी भाजेल, जपा.
तिरुपती हसला,
सोलापूरच्या माणसाला ऊन सांगताय मॅडम?
त्या हसल्या नाहीत.
मच्छरदाणी तरीही लावायची, म्हणाल्या.
ताप आला तर तरीही रक्त तपासायचं.
गोळी म्हणजे कवच नाही, पण गोळी म्हणजे साखरही नाही.
मी ओढणीचं टोक पिळत राहिले.

निघायच्या आधी दोन,
तिथले नव्वद,
आल्यावर अठ्ठावीस.
लग्नाआधी मी विड्या वळायची,
पंचवीस-पंचवीसच्या कट्ट्यांत मोजायची सवय बोटांना.
एकशे वीस. चार कट्टे आणि वर वीस.
गोड नाहीत. मी एक चाटून पाहिली.

रात्री, बॅग भरताना, शेंगाचटणीची पिशवी हातात धरून
त्यानं विचारलं,
मग एकोणीस वर्षं तुम्ही काय देत होता लोकांना?
पोराची सर्दी गेली होती की. माझं अंग उठायचं, ते.

मी चटणीला दुसरी गाठ मारली.
म्हटलं, जे आपणहून जाणारच होतं
त्याला आम्ही गोड निरोप देत होतो.
हे आपणहून जात नाही.

तो काही बोलला नाही.
पहिली गोळी घेतली, तोंड वाकडं केलं,
अर्धा तास उभाच राहिला दारात,
आडवं व्हायचं नाही म्हणून.

सोमवारी मी कामावर जाईन.
सातव्या बाटलीवरची धूळ पुसायची की नाही,
ठरलेलं नाही अजून. पगार तिथूनच येतो.
पण शेवटच्या अठ्ठावीस गोळ्या
तो ह्या घरात घेईल,
अंगात काही नाही आता, कशाला, म्हणेल.
तेव्हा मी समोर बसलेली असेन
पाण्याचा तांब्या घेऊन.