मठारलेले मासे

फाईल माझ्याच टेबलावर आली होती.
विषय: पुलाच्या चौथ्या खांबावर
तांब्याचे सात मासे बसवण्याबाबत.
कागदावर नदीचं नाव नंदिनी.
नासर्डी म्हणायचं ते फक्त तोंडाने.
मी शेरा मारला: धातू मौल्यवान, चोरीस जाईल.
खाली सही, तारीख,
आणि डबा उघडला. मेथीची भाजी होती.

शेरा कुणी वाचला नाही
किंवा वाचून पुढे ढकलला.
फाईल मंजूर होऊन आली.

चित्रकार मुलगी, ईशानी,
तिला एकाही माशाचं नाव ठाऊक नव्हतं.
ती टाकळीला गेली, यादू भोयाच्या ओट्यावर
चार संध्याकाळी बसली.
तो डोळे मिटून सांगत गेला:
मळ्या, खवल्या, वाम, मरळ,
शिंगटा, मुऱ्या, आणि एक,
ज्याचं नाव फक्त त्याच्या बापाला यायचं.
पाण्यावर फेस दिसू लागला त्या सालापासून
कोण कधी दिसेनासा झाला, तेही सांगितलं,
गावातून गेलेली माणसं सांगावीत तसं,
मध्येच थांबून, वय आठवून.

तांबट अळीत विश्वंभरने पत्रा कापला.
लग्नाच्या हंड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही,
हात मोकळाच होता.
ठाक ठाक करत एकेक खवला मठारून काढला.
म्हणाला, घागर पाणी आत घेते.
हे उलटं काम.
हे पाण्याच्या आत जाणार.

बसवायच्या दिवशी भांडण.
मासे किती उंचीवर?
ईशानी म्हणाली, डोळ्यांच्या रेषेत.
पुलाखाली कोथिंबीर विकणाऱ्या हौसाबाई म्हणाल्या,
कुणाच्या गं? बसलेल्यांच्या की उभ्यांच्या?
आणि पदर खोचून खडूने खुणा करत गेल्या:
इथवर आलं तेव्हा टोपल्या गेल्या.
इथवर आलं तेव्हा रखमाची शेळी.
इथवर आलं तेव्हा आम्ही शाळेच्या वर्गात झोपलो
तीन रात्री, बाकं एकावर एक रचून.
वरच्या खुणांसाठी शिडी लागली.
सगळ्यांत वर बिननावाचा.

त्यानंतर तिथली भाषाच बदलली.
मळ्या भिजला, म्हणजे जुड्या गोळा करा.
वाम गेली, म्हणजे रिक्षा वर चढवा.
मरळीच्या शेपटीला पाणी टेकलं
की सहावीतली झैनब घरोघर सांगत सुटते,
तिला कुणी हे काम दिलेलं नाही.
कोरड्या दिवसांत तीच मुलं
माशांना हात लावून शाळेत जातात.
मळ्याचं पोट त्या हातांनी
लखलखीत झालंय. बाकीचे हिरवे पडत चाललेत.

दिवाळीच्या आधी खवल्या चोरीला गेला.
खांबावर स्क्रूची चार भोकं.
माझा शेरा खरा ठरला.
साहेब म्हणाले, तुम्ही लिहिलंच होतं की.
मी हो म्हणालो, आणि दिवसभर
कुणाकडे नीट बघू शकलो नाही.

नवा मासा बसवण्याची फाईल
मीच तयार केली. ती अजून फिरते आहे.

ऑगस्टात एका संध्याकाळी
त्र्यंबककडचे डोंगर काळे झाले होते.
घरी जाताना स्कूटर पुलावर लावून खाली उतरलो.
पाणी गढूळ, घाईत, कुठल्या कुठल्या कारखान्याचा
फेस सोबत घेऊन.
मळ्या दिसत नव्हता.
काठाच्या काँक्रीटवर उभ्या हौसाबाईंना विचारलं,
कुठवर आलंय?

खवल्यापर्यंत, त्या म्हणाल्या,
जराही न अडखळता.

मी पाहिलं. चार भोकं.
पाणी त्यांच्यात शिरत होतं, बाहेर येत होतं,
परत शिरत होतं.

उभे काय राहिलात, त्या म्हणाल्या.
मी पाटी धरली दुसऱ्या बाजूने.
ओल्या कोथिंबिरीचं वजन
वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त होतं.