इतिवृत्ताची वही

पहिलं पान: पोळ्याची कर, एकोणऐंशी साल.
हजर सात. गैरहजर वारा.
अक्षर चौलकर साहेबांचं, शाखा अभियंता,
समुद्रावरून बदली होऊन इकडं आलेला माणूस;
धरण पुरं झालं आणि त्यांची झोप उडाली.
सेंट्रिंगच्या उरलेल्या फळ्या
त्यांनी रीतसर विकत घेतल्या, पावती इथं डकवलेली आहे,
आणि वामन सुताराला जमिनीवर कोळशानं
एक मासा काढून दाखवला, पाठीकडून उघडा.

कनाती शिवणारा गफूर टेलर हसला.
"हवा कू पकडना है क्या साब? पकडते की."
पहिलं शीड लग्नाच्या मांडवाचं होतं,
लाल-पिवळं, एका कोपऱ्यात हळदीचा डाग.
किसन लिंबोरे, जन्माचा भोई,
काठावर उकिडवा बसून म्हणाला,
"वल्हं सोडून फडक्याच्या नादी कामून लागता?"
पुढल्या वर्षी तोच उपाध्यक्ष.

आमच्या नाथसागराचं गणित आडमुठं.
आषाढात वारा मायंदाळ, पाणी तळाला.
कार्तिकात पाणी काठोकाठ, आणि वारा
जेवून आडवा झालेल्या पाहुण्यासारखा.
मधे एक फट असते, आठ-दहा दिवसांची,
बैलांच्या शिंगांचा रंग अजून ताजा असतानाची.
आमच्या सगळ्या शर्यती त्या फटीत बसल्या.

पान अकरा, ठराव:
नौकांना पाण्याखाली गेलेल्या गावांची नावं द्यावीत.
सूचक दाजीबा टाकळखे.
अनुमोदक कोणी नाही. तरी मंजूर.

म्हणून कर्ण्यातून ऐकू यायचं,
"मायगव्हाण पुढं! घोगरवाडी मागं राहिली!
तेरपिंपळी उलटली, तेरपिंपळी... पोरं वर आली!"
आणि चहाच्या गाडीशी कुणीतरी
बशी ओठापर्यंत नेऊन तशीच धरायचा.

शहाण्णवला संघमित्रा खरात, नववी ब.
ऐन मधे वारा पडला, बाप्ये शिव्या देत बसले;
ती शिडाची दोरी दातांत धरून
पाण्यावरच्या सुरकुत्या बघत राहिली
आणि एकीच्या मागं लागून निघून गेली.
बक्षीस: स्टीलची कळशी.
परतीच्या एसटीत तिनं ती मांडीवर घेतली होती.
आता जिंतूरला भूगोल शिकवते,
वर्गणी मनिऑर्डरनं, वेळेवर.

सोळाचं पान मे महिन्यातलं.
साठा: मृत.
शब्द पाटबंधारे खात्याचा आहे, माझा नाही.
घटनेत लिहिलंय, वार्षिक सभा पाण्यावर घ्यावी,
म्हणून आम्ही एक नाव खांद्यावर घेऊन निघालो,
भेगाळलेल्या तळातून, पाणी शोधत,
तीन किलोमीटर, दोनदा खांदे बदलून.
पाण्याआधी गाव लागलं.
चावडीचा चौथरा, उलटं पडलेलं जातं,
शिंपल्यांनी भरलेला एक उंबरा.
खांद्यावरची नाव मायगव्हाण
आम्ही मायगव्हाणात खाली ठेवली.

कुणी काही बोललं नाही, म्हणून मी विषयपत्रिका वाचली.
गणपूर्ती झाली. नवा नायलॉनचा दोर, मंजूर.
वर्गणीवाढ, नामंजूर.
दाजीबा उठला, चपला काढल्या,
भिंत नव्हती तिथून वळसा घालून
दार होतं तिथून आत गेला,
थोडा वेळ उभा राहिला, आणि बाहेर येऊन म्हणाला,
"लिव्हा, सभा संपली."
तसंच लिहिलं.

सप्टेंबरात पाणी आलं. चावडीवर आता
शर्यतीचा वळणाचा पिंप तरंगतो.
पोरं त्याला घासून वळतात; घासलं की गुण कापतो.

चौलकर साहेब निवृत्तीनंतर दर पंधरवड्याला
कार्ड टाकायचे, मजकूर एकच: किती टक्के?
मी उलट टपाली आकडा कळवायचो.
कार्डं थांबली त्याला सहा वर्षं झाली.
आकडा मी अजून समासात टिपतो.
आज बासष्ट. वारा पश्चिमेचा, बरा.
थकबाकीदार नऊ,
त्यांत चिटणीस.