ळ

लोकेश भोईच्या वहीत एका पानावर सात गोल.
शाया. फया. डोया. नया.
लाल पेनाने मीच घातलेले,
आणि प्रत्येकाशेजारी वळण गिरवून दिलेला ळ,
दाव्याला गाठ मारावी तसा.
दुसऱ्या दिवशी पुन्हा सात.

पालकसभेच्या तीन चिठ्ठ्या गेल्या.
तीन शनिवार आम्ही सतरंजी अंथरली,
चहा सांगितला, आम्हीच प्यालो.
लोकेशच्या नावापुढे मी लिहून टाकलं:
पालक उदासीन.
माझं अक्षर चांगलं आहे.
तो शब्द कागदावर फार देखणा दिसत होता.

मग एका मंगळवारी घंटा झाल्यावर
दप्तर पाठीला लावत तोच म्हणाला,
"माय पथारीवर ऱ्हास, गुरुजी. चला."

नंदुरबारच्या वेशीबाहेर
जमीन दिसू नये इतकी मिरची.
लाल. मधेमधे बसलेल्या बाया,
नाकातोंडावर पदर, बोटं देठांवर.
वीस पावलांत मला अकरा शिंका आल्या.
कुणीतरी मोजत होतं. मोठ्याने.

वैजंताबाई उठली नाही.
किलोवर मजुरी, उठली की देठ राहतात.
मी वही पुढे केली, तिने हात मागे घेतले.
"हातले मिरची लागेल शे.
वही तिखट व्हई जाई. तुम्हीच दखाडा."

मी उकिडवा बसलो. पानं उलटली.
ती वाकून बघत राहिली,
भाजीवालीने वजनाचा काटा बघावा तशी.
"या गोल कसाना? चांगला का वाईट?"

कागलहून निघाल्यापासून इतका अवघड प्रश्न
मला कुणी विचारला नव्हता.

मी म्हटलं, इथे ळ हवा.
ती म्हणाली, य.
मी म्हटलं, जीभ अशी मागे वळवा.
शेजारचीने पदर खाली करून वळवून पाहिली,
तिच्या पलीकडचीने, मग अख्ख्या रांगेने.
पथारीभर ळ, ल, य, र,
हसण्यात बुडालेले, खोकल्यात अडकलेले.
वैजंताबाई हसता हसता थांबली.
"आमना घरमा हाई अक्षरच नही, गुरुजी.
पोऱ्या कोठून लई येई?"

मग म्हणाली, आते तुम्ही म्हना:
मी शायमा जाई ऱ्हायनू.

मी म्हटलं. चुकलं.
पुन्हा म्हटलं. लोकेशने कपाळाला हात लावला.
वैजंताबाईने मूठभर मिरच्या उचलल्या
आणि माझ्यासमोर धुळीत, एकेक ठेवत,
माझ्या त्या वाक्याभोवती
एक लाल गोल घातला.

तेव्हापासून सभा पथारीवर होते.
बाजाराच्या आदल्या दिवशी, सावल्या लांबल्यावर.
सतरंजी लागत नाही, चहा त्याच देतात.
रात्री भाकरी थापताना ती विचारते,
आज कोणता शब्द आना?
तो सांगतो, ती तिचा सांगते,
सकाळी दोन्ही माझ्या टेबलावर.
भिंतीवर कागद लावलाय,
डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे शाळेचा.
डावी बाजू लवकर भरते.
मुख्याध्यापक म्हणाले, तपासणीला साहेब आले तर?
मी म्हटलं, त्यांनाही म्हणायला लावू.

लोकेशचे गोल सातावरून चारावर आलेत.
मधे एका आठवड्यात ते नऊ झाले होते,
तेव्हा कळलं, घरी धाकटी तापाने फणफणलीय,
भाकऱ्या तो थापतोय.
त्या पानावर मी पेन उघडलं नाही.

काल देठ खुडता खुडता
वैजंताबाई आपल्याशीच काही पुटपुटत होती.
जवळ गेल्यावर ऐकू आलं: फळा, फया, फळा.
मला बघून गप्प झाली.
मीही ऐकलं नाही असं दाखवलं.
माझं ऱ्हायनू अजून गोलातच आहे.

आणि ती वही.
उदासीन मी खोडलं,
पण त्याच पानाला कुणाचा तरी हात लागलाय,
कडेला लालसर बोट उमटलंय.
हजेरी घेताना तिथवर आलो
की अजून शिंक येते.
वर्ग मोजतो.