नेरळे

कणकुंबीच्या रोपवाटिकेत भरमव्वा
डबा उघडला की आधी वास घेते.
साग ठीक.
खैर राखेत झोपलाय दोन वर्षं,
दाताखाली अजून कटकन वाजतो.

जांभळाच्या डब्यावर नव्या साहेबांची
कन्नडमधली चिठ्ठी: नेरळे, तारीख, वजन.
उन्हात खडखडीत वाळवून
झाकण मेण लावून घट्ट.
सगळं बरोबर.
ती विळ्यावर एक बी कापते,
आत तपकिरी.

"ह्ये ठेवायचं बी न्हवं, सायेब,"
आधी मराठीत, मग कन्नडात,
"ओलं हाय तवरच मातीला द्यायचं."

पदराच्या गाठीत कालच्या बारा बिया,
अजून चिकट, चिठ्ठी नसलेल्या.
पिशवीतल्या मातीत बोट खुपसून
एकेक बी ती आडवं निजवते
आणि जांभळं झालेलं बोट
कशालाच पुसत नाही.