दीड हात गाळाखाली

हरिपूरला वारणा येऊन मिळते तिथून थोडं खाली,
एप्रिलात, कृष्णा जेमतेम दोन पुरुष खोल.
गाळ मोजायला मी यंत्र घेऊन बसलेय
दुंडाप्पा आंबींच्या नावेत.

उथळ पाण्यात आवाज सोडणं म्हणजे
चिंचोळ्या बोळात हाक मारणं.
तळ एकदा ओ देतो, मग वरचं पाणी,
मग पुन्हा तळ, वरच्याचं ऐकून.
पडद्यावर एका नदीच्या चार नद्या,
आणि खरी कुठली ते मी ठरवायचं.

दुंडाप्पा वेळूची काठी तळाला टेकवतात,
वरचं टोक दाढेत धरतात.
"वाळू," म्हणतात. चार हातांवर, "रेव."
मग, "चिखुल. ह्येच्या खालचं काठीला बी कळत न्हाई, बाई."

चिखलाखालचं ऐकायला मी दोन सूर सोडते,
इतके बारीक की माणसाच्या कानाला ते नाहीतच,
एकमेकांहून जरासेच वेगळे.
हळू सोडले तर शेजारून निघून जातात, अनोळखी.
जोरात सोडले की पाणी सरळ वागायचं सोडतं,
लाट दाटीच्या जागी पुढे धावते, विरळ जागी रेंगाळते,
आणि त्या ओढाताणीत तिसरा एक सूर होतो
दोघांतल्या फरकाएवढा, खर्जातला.
मी तो सोडलेला नसतो.
गाळात तोच उतरतो.

"दोघांच्या भांडणातनं झाल्यालं प्वार," दुंडाप्पा म्हणाले,
"खोलातच जायाचं ते."

साडेअकराला पडद्यावर कमान उमटली.
दीड हात गाळाखाली, गुळगुळीत, सहा हात रुंद.
वल्हं थांबलं.

"काहील.
पुरात बोरगाव्यांच्या गुऱ्हाळातनं आणल्याली.
एकवीस माणसं काढली तीतनं, दोन शेरडं.
शेवटाला मोकळीच निसटली हातातनं.
बोरगावे म्हणायचे, आंबीनं भंगारात घातली."

मी सांगितलं, ही कमान भूतही असेल,
तिसऱ्या उडीचा पडसाद, नाहीतर साधा खडक.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
"छापून मिळंल?"

अहवालात मी लिहिलं: वक्र वस्तू, अनिश्चित.
कागद त्यांनी चंचीत ठेवला, चुन्याच्या डबीला लागून.
बोरगावे जाऊन सहा वर्षं झाली, हे परतताना कळलं.
"फोटो हाय की वो सोप्यात," म्हणाले,
आणि पाण्याकडं बघत वल्हं मारलं,
"त्येच्याम्होरं धरतो."